इवोची बाटली आणि मनुरेव्याची वास्तुशांत

लोक न्यूझीलंडला जातात आणि हिमनद्या बघतात, देवमासे बघतात, चिखलाची उकळती तळी बघतात. मी दारूची दुकानं बघितली. अकरा. तीही इरकल नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून आणि हातात कापडी पिशवी घेऊन. जिनं आयुष्यभर खोकल्याच्या औषधाच्या वासानंसुद्धा नाक मुरडलं, तिच्यावर ही पाळी का आली, हे मिरजेत परतल्यापासून मी प्रत्येकीला थोडं थोडं वेगळं सांगितलंय. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे सगळ्यांना सारखं कळेल. यात पदरचं अगदी थोडं आहे.

ऑकलंडचा विमानतळ

माझी भाची मुग्धा ओटाहुहुला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिचा नवरा निखिल माउंट वेलिंग्टनला कॉम्प्युटरच्या ऑफिसात. दोघांनी मनुरेव्यात, ऑकलंडच्याच एका उपनगरात, घर घेतलं. बहीण गेल्यापासून मुग्धाला आईच्या जागी मीच, तेव्हा वास्तुशांतीला मावशी हवीच म्हणून तिकीट पाठवलं. मीही बॅग भरली. गोडा मसाला, मेतकूट, तांब्याचे दोन कलश, आणि सीलबंद बाटलीत गोमूत्र. परदेशात मिळेल न मिळेल.

विमानतळावर तपासणीच्या टेबलामागे एक भरभक्कम बाई उभी होती, कानामागे फूल खोचलेली. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा तिचे खांदे रुंद. "किया ओरा," ती गोड हसून म्हणाली आणि तिनं नेमकी तीच बाटली उचलली. हे काय?

छत्तीस वर्षं मिरजेला नर्सिंग केलेली बाई मी. आडपडदा माहीत नाही. सांगितलं, युरिन.

तिचं हसू गेलं. "तुमचं?"

"गाईचं."

"कशासाठी?"

"घर स्वच्छ करायला."

ती दोन पावलं मागे सरली. मग तिनं हातमोज्यांवर हातमोजे चढवले, आणखी एका साहेबाला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. तिघांनी मिळून ती बाटली एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि दुसरी एका डब्यात घालून वाजतगाजत नेली. लघवीच्या नमुन्याला इतका मान मिळालेला मी साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. गोडा मसाला मात्र सुखरूप सुटला. मी खरं सांगितलं म्हणून दंडही झाला नाही. उलट "थँक यू फॉर डिक्लेअरिंग" असं म्हणून त्या बाईनं मला दारापर्यंत पोचवलं. बहुधा मी नक्की जाते ना, ते बघायला.

"मावशी, कशाला काळजी करता?" गाडीत निखिल म्हणाला. "आपले गुरुजी वायकाटोतल्या एका शेतकऱ्याकडून ताजं आणणारेत. शनिवारी बाटली घरी आणून ठेवतो म्हणालेत."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी फार नीट लक्षात ठेवलं, तिथेच घात झाला.

मनुरेवा

पहिल्या दोन दिवसांत बसलेले धक्के मोजले असते तर वही संपली असती. शहरभर ज्वालामुखी आहेत. निजलेले, पण ज्वालामुखी. आणि लोक त्यांच्या पायथ्याशी खुशाल कपडे वाळत घालतात. सुपरमार्केटात एक गृहस्थ अनवाणी दिसला. मला वाटलं, बिचाऱ्याची चप्पल चोरीला गेली. तेवढ्यात दुसरा दिसला, मग एक अख्खं कुटुंब. मुग्धा म्हणाली, "मावशी, इथे चालतं." आमच्याकडे देवळात अनवाणी जातात, इथे भाजी आणायला. आणि शांतता इतकी की शेजारच्या घरात कुणी पोळी लाटली तर मला ऐकू आली असती. पण शेजारी पोळ्या लाटणारं कुणी नव्हतं. शेजारी होते आन्तेबाबा.

आन्तेबाबांचं वय शहाऐंशी. उंची कुंपणापेक्षा वीतभर जास्त, पायांत जांडल म्हणतात त्या रबरी सपाता, भुवया इतक्या दाट की त्यांत चिमणीनं घरटं करावं. पहिल्याच सकाळी त्यांनी कुंपणावरून फिजोआची पिशवी पुढे केली. पेरूसारखं दिसणारं हिरवं फळ. तिथे हे फळ कुणी विकत घेत नाही, शरदात जो तो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. मी संध्याकाळी त्याचं लोणचं परत केलं. त्यांनी एक फोड खाल्ली, खोकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सिस्टर, आणखी आहे?" मी नर्स होते हे कळल्यापासून ते मला सिस्टरच म्हणत.

आन्तेबाबा मूळचे भूमध्य समुद्रातल्या कोर्चुला नावाच्या बेटावरचे. क्रोएशिया देशाचं बेट. पंचविशीत बोटीनं इकडे आले आणि इकडचेच झाले. मध्ये एकदाच, मुलगी सात-आठ वर्षांची असताना, तिला घेऊन गावी जाऊन आले. धाकटा भाऊ इवो तिथेच राहिला, वडिलांचा द्राक्षमळा धरून. त्यांच्या द्राक्षाचं नाव ग्र्क. मी चार वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी घशात माशाचा काटा अडकल्यासारखं व्हायचं आणि आन्तेबाबा माझ्या पाठीवर थोपटायचे.

"या वेलीला नुसती बाईची फुलं येतात, सिस्टर," त्यांनी कुंपणावर कोपर टेकून सांगितलं. "एकटी लावली तर एक मणी धरत नाही. शेजारच्या ओळीत दुसरी जात लावावी लागते. मग हिचा घड भरतो."

"म्हणजे शेजार बघून राहते," मी म्हटलं. "शहाणी आहे."

त्या द्राक्षांची पांढरी वाइन होते. गोडीचं नाव नाही, कोरडी ठणठणीत. इवो आयुष्यभर ती एकच गोष्ट करत राहिला, असं ते म्हणाले. मग फिजोआ वेचायला वाकले. इवो गेला होता, एवढं मला त्या वाकण्यावरून कळलं.

रविवार, वास्तुशांतीचा

प्रवासातल्या गार हवेनं माझं नाक असं चोंदलं होतं की डोक्याशेजारी हिंगाचा डबा फोडला असता तरी कळलं नसतं. शनिवारी दुपारी जी झोपले, ती रविवारी पहाटेलाच उठले. फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात प्लास्टिकची बाटली. लेबल नाही. आत फिकट पिवळं पाणी.

आता तुम्हीच सांगा. गुरुजी शनिवारी बाटली आणून ठेवणार होते. बाटली होती. रंग तोच. आपल्या घरांत कुठल्या बाटलीत काय असतं, ते बाटलीवर कधी लिहिलेलं असतं का? सरबताच्या बाटलीत फिनेल, फिनेलच्या बाटलीत गंगाजल, अशातच आपण वाढलो. तरी मी नर्स असल्यामुळे झाकण काढून वास घेतला. काही आला नाही. मनात म्हटलं, इथल्या गाई किती स्वच्छ गवत खातात बघ!

गुरुजी यायच्या आत घर शुद्ध करून ठेवावं, म्हणून मी कामाला लागले. आंब्याची पानं मिळाली नव्हती, अंगणातल्या मॅग्नोलियाची डहाळी तोडली. ताम्हनात ओतत गेले आणि शिंपडत गेले. उंबरठा, चारही कोपरे, माळा, पलंगाखाली, मोटारीच्या चाकांवर. एक वेळ देव कोपरा विसरेल, मी विसरत नाही. बाटलीत दोन बोटं उरली, ती झाकण लावून परत ठेवली.

नऊ वाजता गुरुजी आले. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार सोवळं. हातात बाटली.

"सॉरी मावशी, काल शेतकरी भेटलाच नाही. आज पहाटे जाऊन आणलं. एकदम ताजं."

मी त्यांच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग फ्रिजकडे. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला ज्वालामुखींच्या गावात कळलं.

"मग मी काय शिंपडलं?"

निखिल धावत गेला. फ्रिजचं दार उघडून तो इतका वेळ उभा राहिला की फ्रिज किंचाळायला लागला. "मावशी," तो म्हणाला, "ही आन्ते अंकलची आहे."

काल मी घोरत असताना आन्तेबाबा बाटली घेऊन आले होते. त्यांची मुलगी मारिया त्यांच्यापाशीच राहते, आणि घरात वाइन दिसली की मोरीत ओतते. डॉक्टरांनी सणावाराला एक ग्लास चालेल म्हटलंय, पण मारियापुढे डॉक्टरांचं काय चालतंय? म्हणून बाटली आमच्या फ्रिजमध्ये लपवली. नातीनं बेटावरून बॅगेत घालून आणलेली. तिकडे घरची वाइन अशीच प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून ठेवतात. इवोनं स्वतःच्या हातानं केलेली ही शेवटची. तो गेल्यावर मळा विकला गेला, वेली उपटल्या. येत्या शनिवारी त्याला वर्ष होत होतं. त्या दिवशी आन्तेबाबा आमच्याकडे जेवायला येणार, आणि भावाच्या नावानं एक ग्लास घेणार. साऱ्या जगात ती एवढी एकच बाटली होती.

आणि ती मी मोटारीच्या चाकांवर शिंपडली होती.

मुग्धा मटकन सोफ्यावर बसली. गुरुजींनी चष्मा पुसला. "शास्त्रात गोमूत्राला पर्याय दिलेत," ते विचार करून म्हणाले, "पण हा माझ्या वाचनात नाही." मग त्यांनी सगळ्या घरावर पुन्हा, वरून खरं गोमूत्र शिंपडलं. ही गोष्ट मी आन्तेबाबांना अजून सांगितलेली नाही. तुम्हीही बोलू नका.

ओटाहुहु, माउंट वेलिंग्टन आणि पुढे

मुग्धाचं म्हणणं, जाऊन सरळ सांगावं. मी म्हटलं, "शहाऐंशी वर्षांच्या माणसाला सांगू, की तुमचा भाऊ मी पलंगाखाली शिंपडला? मला शनिवारपर्यंत वेळ दे." माझ्या डोक्यात योजना शिजली होती. दोन बोटं शिल्लक होती ना? विरजण किती लागतं? चमचाभर. चमचाभर दही तपेलंभर दुधाला आपल्या वळणावर आणतं. मग त्याच बेटाची वाइन आणून त्यात ही दोन बोटं घातली, तर दोन दिवसांत सगळी बाटली इवोची होणार नाही? मुग्धानं कपाळाला हात लावला. "मावशी, मी केमिस्ट्री शिकलेय." मी म्हटलं, "आणि मी रोज दही लावते."

सोमवारी ओटाहुहुच्या रस्त्यावरच्या पहिल्या दुकानात शिरले. गल्ल्यावर पगडी बांधलेले सरदारजी. माझं कुंकू बघून ते उठूनच उभे राहिले.

"आंटीजी, मंदिर पुढच्या गल्लीत आहे."

"मंदिर नको. पांढरी वाइन हवी. कोरडी. बेटावरची."

त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी सगळी हकिगत सांगितली. सरदारजी इतके हसले की मागच्या फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. वाइन त्यांच्याकडे नव्हती, पण पुढच्या तीन दुकानांत त्यांनी आधीच फोन करून ठेवला. त्यामुळे मी पोचायच्या आत माझी कीर्ती पोचायची. चौथ्या दुकानात तर मालकाची बायको मला बघायला स्वयंपाक टाकून बाहेर आली.

माउंट वेलिंग्टनच्या मोठ्या बाजारात वाइनची ओळ एवढी लांब, की या टोकाला उन्हाळा होता आणि त्या टोकाला मला शाल पांघरावी लागली. हादरलेच मी. आपल्याकडे पांढरं प्यायचं म्हणजे दूध आणि ताक, फार तर सोलकढीला नारळाचं दूध. इथे पांढऱ्याचे एवढे प्रकार! बेटाची म्हणून विचारलं तर तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला, "न्यूझीलंड बेटच आहे ना." मी म्हटलं, "बाळा, दुसरं बेट." तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅझ." म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण वाइन काही मिळाली नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. आन्तेबाबा रोज कुंपणावरून विचारत, "सिस्टर, माझी बाटली थंड आहे ना?" मी म्हणे, "गारेगार." मी पेशंटशी कधी खोटं बोलले नाही असं नाही, पण ते त्यांच्या भल्यासाठी असे. हे माझ्या भल्यासाठी होतं.

गुरुवारी अकराव्या दुकानात, शहराच्या पार पश्चिमेला, एका म्हाताऱ्या बाईनं शिडीवर चढून मागच्या रांगेतून धुळीनं माखलेली बाटली काढली. कोर्चुला! ग्र्क नव्हे, त्याच बेटावरची दुसरी जात, पोशिप नावाची. पण माती तीच, वारा तोच, समुद्र तोच. मी त्या बाईची दृष्टच काढली, भर दुकानात. तिनंही डोकं पुढे करून ती काढून घेतली.

त्या दुपारी मी प्लास्टिकच्या बाटलीत इवोच्या दोन बोटांवर पोशिप ओतली, हलकेच हलवली, आणि विरजणासारखीच कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवणार होते. मुग्धानं ती हिसकावून फ्रिजमध्ये टाकली.

शनिवार

मुग्धानं स्नॅपर तळला होता, आमच्या पापलेटाच्या भावासारखा मासा. मी तांदळाची खीर केली होती, कारण वर्षश्राद्धाला खीर नाही हे मला सहन होत नाही, मग मेलेला माणूस कुठल्याही बेटावरचा असो. आन्तेबाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पायांत बूट. जांडलांशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

निखिलनं बाटली आणली. आन्तेबाबांनी ती दोन्ही हातांत घेतली, गालाला लावली. मग ग्लासात ओतली. एकच ग्लास. उजेडात धरली, वास घेतला, आणि थांबले. एक घोट घेतला. डोळे मिटले.

टेबलावर इतकी शांतता की खिरीवर साय धरल्याचा आवाज यावा.

"हा कोण?" आन्तेबाबा म्हणाले.

निखिलनं मुग्धाकडे बघितलं, मुग्धानं माझ्याकडे.

"ही वाइन चांगली आहे," ते सावकाश म्हणाले. "माझ्या भावानं आयुष्यात चांगली वाइन केली नाही. त्याची वाइन आंबट असायची, वर थोडी खारट. सगळं बेट हसायचं. त्यानं ऐकलं नाही कुणाचं." मग त्यांनी दुसरा घोट घेतला आणि त्यांच्या भुवया एकत्र आल्या. "थांबा. आहे. इवो आहे यात. पण मागे उभा आहे. गर्दीत."

मला शवागारातसुद्धा इतका धक्का बसला नव्हता. निखिल काहीतरी सारवासारवीला तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले. सगळं. विमानतळ, चोंदलेलं नाक, मॅग्नोलियाची डहाळी, अकरा दुकानं, विरजण. माझ्या मोडक्या इंग्रजीत, आणि इंग्रजी संपली तिथून मराठीत. हात जोडले. म्हटलं, "आन्तेबाबा, मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. त्यांची नाडी बघावी असं मला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

"कुठे कुठे?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी उठले आणि दाखवत गेले. ते मागून. उंबरठा. बैठकीचे कोपरे. माळ्याची शिडी.

"इथे पण?" पलंगाखाली वाकून ते म्हणाले.

"इथे पण."

"मोटारीला?"

"चारही चाकांना."

ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मी मुग्धाला पाणी आणायला ओरडले, आणि मग कळलं की बाबा हसताहेत. हसता हसता रडताहेत.

"साठ वर्षं त्याला बोलावतोय मी," ते म्हणाले. "साठ वर्षं! दोनदा तिकीट पाठवलं. म्हणायचा, वेली टाकून कसा येऊ? पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी. कधी आला नाही. माझं घर बघितलं नाही, माझी बायको बघितली नाही." त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "आणि आता मनुरेव्यात. माझ्या नाही, शेजाऱ्याच्या घरात! पलंगाखाली!"

मग परत येऊन त्यांनी तो ग्लास संपवला. मला घोटभर ओतून दिली. भूमध्य समुद्राची कोरडी पांढरी वाइन कशी लागते म्हणून सगळ्याजणी विचारतात, तर सांगते. पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी लिंबू, मीठ आणि गारगोटी एकत्र वाटून थोबाडीत मारली. मग ती उतरते, आणि तोंड इतकं स्वच्छ होतं की दुसरा घोट घ्यावासा वाटतो. मी घेतला की नाही, तो माझा प्रश्न.

बाटलीत अजून बरीच उरली होती. निखिल झाकण लावायला गेला, तर बाबांनी त्याचा हात धरला.

"सिस्टर, ती डहाळी कुठाय?"

कुंपणापलीकडे

अशा रीतीनं, भर दुपारी, एका हातात ताम्हन आणि एका हातात मॅग्नोलियाची ताजी डहाळी घेऊन मी आन्तेबाबांच्या घरात शिरले. बूट दाराशी काढून ते पुढे, मी मागे. त्यांचं घर मी पहिल्यांदा बघत होते. भिंतीवर जाळी, बोटीचे फोटो, बायकोचा फोटो. ते बोट दाखवत आणि मी शिंपडत होते. "इथे माझी खुर्ची. इथे तिचा पलंग होता. हे तिचं शिवणाचं मशीन, याच्यावर जास्त." प्रत्येक ठिकाणी ते त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होते, आणि ते मला सांगत नव्हते. पाहुण्याला घर दाखवतात ना, तसं.

शेवटच्या खोलीत ताम्हन रिकामं झालं. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. मारिया, कामावरून. पन्नाशीची, बापाएवढी उंच, चेहरा शाळेच्या हेडबाईसारखा. बोळात येऊन ती थिजलीच. समोर अनवाणी बाप, त्याच्या शेजारी इरकल नेसलेली, हातात झाडाची फांदी धरलेली अनोळखी बाई, आणि घरभर वाइनचा दर्प. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, आता ही पोलीस बोलावणार, आणि त्या विमानतळावरच्या तिघांनाही.

पण मारियानं नाक वर केलं. एकदा. पुन्हा एकदा. खांद्यावरची पिशवी तिनं हळूच खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सात-आठ वर्षांच्या पोरीचा झाला, "हा काकाच्या तळघराचा वास आहे."

आन्तेबाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ताच आलाय. दमलाय."